पेशीच्या दोन चुली आणि कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी यांचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली, त्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. दुसरी, नोबेलविजेते सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना बंगळूरच्या संस्थेत प्रवेश नाकारला आणि त्यांनी तो भांडून मिळवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तो प्रवेश मिळवून त्यांनी पुढे काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. सजीवांच्या पेशींना ऊर्जा मिळते कशी, या प्रश्नावर त्यांनी केंब्रिजमध्ये काम केले. भारतात परतल्यावर त्याच रसायनशास्त्राचा उपयोग त्यांनी गरिबाच्या ताटातले अन्न तपासण्यासाठी केला. त्या अन्नात कोकणातल्या घराघरांत शिजणारे वाल होते आणि ताडामाडाची नीराही होती.

कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. घरात रसायनशास्त्राची भाषा रोजच्या बोलण्यात होती. त्यामुळे मुलीने मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये याच विषयात बी.एस्सी. केले, तीही पहिल्या क्रमांकाने, याचे घरी कुणाला नवल वाटले नाही. पुढे बंगळूरला जायचे हेही जणू ठरलेलेच होते.

त्या वर्षी रामन नुकतेच संस्थेचे संचालक झाले होते. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज फेटाळला. गुण कमी नव्हते, अर्जात चूकही नव्हती. अर्जदार स्त्री होती एवढेच कारण होते. वडील आणि काकांनी रदबदली करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. तेव्हा बावीस वर्षांच्या कमलाबाई स्वतः रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारत राहिल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते आणि त्यांनीही तोच मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करायचे होते. शिवाय त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट त्यांना फार लागली. उतारवयातही त्या हा अपमान जाहीरपणे बोलून दाखवत.

मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. ते शिस्तीचे कडक होते, पण विद्यार्थी आणि विद्यार्थिनी असा भेद करणारे नव्हते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरानंतर रामन यांनी काम पाहिले, समाधान व्यक्त केले आणि त्यांना नियमित प्रवेश दिला. त्यानंतर इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३६ मध्ये कमलाबाईंना एम.एस्सी. पदवी मिळाली आणि पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या.

केंब्रिजची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा तेव्हा सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या नावाने ओळखली जाई. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले होते. पण त्याच्या बऱ्याच आधी, १९०७ मध्ये, वॉल्टर फ्लेचर यांच्यासोबत त्यांनी बेडकाच्या स्नायूवर एक प्रयोग केला होता. ऑक्सिजन न देता स्नायूला काम करायला लावले तर त्यात लॅक्टिक आम्ल साठत जाते आणि ऑक्सिजन मिळाला की ते कमी होते, असे त्या दोघांनी दाखवले. प्राणवायू नसतानाही स्नायू काही काळ काम करू शकतो, म्हणजे त्याच्याजवळ ऊर्जेची दुसरी काही सोय आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

ही सोय समजून घ्यायला घरातल्या चुलीचे उदाहरण पुरते. पेशीत जणू दोन चुली असतात. पहिली चूल साधी आणि फार जुनी. ती पेशीच्या आत भरलेल्या पातळसर द्रवात, म्हणजे पेशीद्रवात, पेटते. तिथे दहा विकरे एकापाठोपाठ एक काम करून ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे करतात. या प्रक्रियेला ग्लायकोलिसिस म्हणतात. त्यातून पेशीला एटीपीचे दोन रेणू मिळतात. एटीपी हे पेशीचे रोजच्या खर्चाचे नाणे आहे. स्नायू आकसणे, मज्जातंतूतून संदेश जाणे, नवी प्रथिने घडणे या सगळ्यांचा मोबदला त्याच नाण्यात चुकता होतो. या चुलीला ऑक्सिजन लागत नाही.

दुसरी चूल मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म कणिकांत असते. पहिल्या चुलीवर अर्धवट जळलेले इंधन इथे ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जळते आणि दोन्ही चुलींचा हिशेब धरला तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे साधारण तीस रेणू मिळतात. शाळेच्या पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाला पेशीचे ऊर्जाघर म्हणतात ते यामुळे. ते बरोबरच आहे, पण त्या एका नावामुळे पेशीची सगळी ऊर्जा तिथेच तयार होते असा समज होऊन बसतो. पहिली चूल विझवली तर बरीचशी पेशी जगत नाही, आणि काही पेशींकडे तर दुसरी चूल नसतेच.

कमलाबाई केंब्रिजला पोहोचल्या तेव्हा हे चित्र इतके स्वच्छ नव्हते. पहिल्या चुलीच्या पायऱ्या बहुतेक उलगडल्या होत्या. दुसरीबद्दल एवढे ठाऊक होते की ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन पोहोचवणारी काही रंगीत प्रथिने पेशीत असतात. केंब्रिजमध्येच काम करणाऱ्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये त्यांना सायटोक्रोम हे नाव दिले. या प्रथिनांत लोह असते. आग विझवणाऱ्यांची रांग जशी बादल्या हातोहात पुढे देते, तसा एक सायटोक्रोम दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देतो आणि शेवटचे विकर तो ऑक्सिजनच्या स्वाधीन करते. पण हा पुरावा मुख्यतः प्राणी आणि यीस्ट यांच्यातला होता. झाडे श्वास घेतात हे माहीत असले तरी ती हीच यंत्रणा वापरतात का, याबद्दल मतभेद होते. कापलेला बटाटा हवेत काळा पडतो. तो काळा पाडणारे विकरच वनस्पतींच्या श्वसनाचेही काम करत असावे, असे काही शास्त्रज्ञांना वाटे.

कमलाबाईंनी सुरुवातीला डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर. त्यांनी हाती घेतला तो साधा बटाटा. बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आहे, हे त्यांनी दाखवले. इतर वनस्पती पाहिल्यावर लक्षात आले की हा गुण एकट्या बटाट्याचा नाही. वनस्पतींच्या पेशींचे ऑक्सिडीकरण याच साखळीने चालते. हिल यांच्याबरोबर सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावरचे त्यांचे टिपण १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात छापले गेले. माणूस, यीस्ट आणि बटाटा ऑक्सिजन वापरताना मुळात एकाच रीतीने वागतात, या आज सहज वाटणाऱ्या विधानामागे त्या कामाचाही वाटा आहे.

या कामावर त्यांनी अवघ्या चौदा महिन्यांत प्रबंध पुरा केला. तो चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. केंब्रिजची विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. एक गोष्ट मात्र तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हती. सायटोक्रोमची ही रांग पेशीत नेमकी कुठे उभी आहे, हे अजून कुणाला कळले नव्हते. ती मायटोकॉन्ड्रियात असते याचा भक्कम पुरावा अमेरिकेत युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेहनिंजर यांनी जवळपास दहा वर्षांनी दिला.

ज्या रॉबिन हिल यांच्याजवळ त्या शिकत होत्या, तेही त्याच काळात ऊर्जेचा आणखी एक पत्ता शोधत होते. पानांतली हरितलवके त्यांनी पेशीबाहेर काढली, त्यांत इलेक्ट्रॉन स्वीकारणारा एक पदार्थ घातला आणि उजेडात ठेवली. पेशीपासून वेगळी झालेली ती हरितलवके ऑक्सिजन सोडू लागली. या क्रियेला आज हिल अभिक्रिया म्हणतात. पुढे १९५४ मध्ये डॅनियल आर्नन यांनी दाखवले की हरितलवके उजेडाच्या जोरावर स्वतःच एटीपीही तयार करतात. म्हणजे हिरव्या झाडाला एक तिसरी चूलही आहे, आणि तिला इंधन लागत नाही, ऊन लागते. बटाट्याच्या कंदात साठणारा सगळा पिष्टमय भाग वर पानांतल्या याच चुलीची कमाई.

दुसरे महायुद्ध पेटले त्या वर्षी कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी नव्या जीवरसायनशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून काम केले. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या आणि जीवनसत्त्वांचा अभ्यास करू लागल्या. १९४७ मध्ये विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र विभाग सुरू होत होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या आणि पुढची दोन दशके तिथेच रमल्या.

केंब्रिजला त्यांनी पेशीतला श्वास अभ्यासला होता. मुंबईत प्रश्न बदलला: आपली माणसे जे खातात त्यातले त्यांच्या अंगी किती लागते? कडधान्ये हे गरिबाचे प्रथिन. पण वाल किंवा डबलबी कच्ची खाल्ली तर पचत नाहीत. याचे कारण या बियांमध्ये असलेली काही प्रथिने. आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे विकर असते. बियांतली ही प्रथिने त्याला चिकटून त्याचे काम थांबवतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतल्या अशा ट्रिप्सिनरोधकांचा पद्धतशीर शोध घेतला. १९५५ मध्ये के. एस. आंबे यांच्यासह त्यांनी वालातला आणि डबलबीतला हा रोधक शुद्ध स्फटिकरूपात मिळवल्याचे नेचरमध्ये प्रसिद्ध केले. वाल रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मगच चांगले शिजवायचे, ही कोकणातल्या बायकांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. शिजवताना उष्णतेने हे रोधक बऱ्याच अंशी निकामी होतात. स्वयंपाकघरातल्या शिस्तीमागचे कारण त्यातून प्रयोगशाळेत समजले.

नीरेचे काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. ताड, माड, शिंदी यांचा गोड ताजा रस म्हणजे नीरा. कमलाबाईंनी नीरा आणि तिच्यापासून होणारा गूळ यांचे पोषणमूल्य तपासले. त्यांत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह आढळले, आणि नीरा आटवून गूळ केला तरी ते सारे नष्ट होत नाही असे दिसले. आदिवासी समाजातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही त्यांनी नोंदवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरेची अडचण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कुणालाही सांगावी लागत नाही. माडावर चढून पोय छेदायची, खाली मडके बांधायचे आणि रस जमला की उन्हे वर यायच्या आत तो उतरवायचा. उशीर झाला की नीरेची माडी होते. मडक्याला आतून चुना लावतात तो याच बदलाला आवर घालायला. हा बदल घडवणारे यीस्ट पेशीची पहिली चूलच वापरते. नीरेतली साखर फोडून ग्लुकोज करायचे, ग्लुकोजचे दोन तुकडे करायचे, त्यातून दोन एटीपी मिळवायचे आणि उरलेल्या तुकड्यांचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करून बाहेर टाकायचे. माडीवर येणारा फेस या वायूचा. यीस्टकडे मायटोकॉन्ड्रिया असतात, तरीही भरपूर साखर समोर असली की ते पहिल्या चुलीवरच भागवते. या चुलीसाठी अखंड पेशीही लागत नाही, हे एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्येच दाखवले होते: यीस्ट चिरडून काढलेला नुसता रसही साखर आंबवतो.

म्हणजे कमलाबाईंनी केंब्रिजला जिचे भाग शोधले ती ऑक्सिजनची चूल, आणि नीरा टिकवायची तर जिला आवरायचे ती ऑक्सिजनशिवायची. त्यांच्या आयुष्यातली ही दोन कामे वरवर दूरची वाटतात, पण ती एकाच हिशेबाच्या दोन बाजूंची आहेत. जाता जाता एक सावधगिरी: नीरेचा गोडवा साखरेचाच आहे. मधुमेह असलेल्यांनी ती औषध समजून नव्हे, गोड पेय समजूनच मोजावी.

पहिली चूल आपल्या अंगातही अखंड पेटलेली असते. रक्तातल्या तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नसतात. सुमारे १२० दिवसांचे आयुष्य त्या केवळ ग्लायकोलिसिसवर काढतात. त्यामुळे वाहून न्यायचा ऑक्सिजन त्या वाटेत स्वतः खर्च करत नाहीत. या चुलीतले पायरुवेट कायनेज हे विकर जन्मतःच कमी असेल तर तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि रक्तक्षय होतो. रक्त शरीराबाहेर काढले तरी या पेशींची भूक थांबत नाही. नळीत साध्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातले ग्लुकोज त्या तासाला साधारण ५ ते ७ टक्के या वेगाने संपवतात. म्हणूनच साखर तपासायचे रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यातले सोडियम फ्लोराइड ग्लायकोलिसिसची एक पायरी रोखते. त्याचा पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो, म्हणून गावातून शहरात पाठवायचे रक्त रेंगाळू न देणे चांगले. नाहीतर अहवालात साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि मधुमेह नजरेतून निसटू शकतो.

धावण्याची शर्यत सुरू होते तेव्हाही पहिले काही क्षण मायटोकॉन्ड्रियाचे नसतात. स्नायूत साठलेले एटीपी दोन-तीन सेकंद पुरते. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा कामी येतो. तो शोधणाऱ्यांत येल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय शास्त्रज्ञ होते. तो ओसरेपर्यंत ग्लायकोलिसिस जोर धरते आणि लॅक्टिक आम्ल तयार होऊ लागते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचा दोष मात्र त्या आम्लाला देऊ नये. ते तास-दोन तासांत निघून जाते. दुखणे असते स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे. हृदयाला हा पर्याय पुरत नाही. त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा दुसऱ्या चुलीवर तयार होते. म्हणून रक्तवाहिनी तुंबली की पहिली चूल थोडा वेळ धग धरते, पण हृदयाचा स्नायू वाचवायचा तर रक्तप्रवाह लवकर सुरू व्हावा लागतो. छातीत दुखल्यावर सकाळपर्यंत थांबून पाहू नये, असे डॉक्टर सांगतात त्याचे कारण हेच.

मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद कमलाबाईंना मिळाले, पण पात्रता असूनही ते उशिरा मिळाले. निवृत्तीची वाट न पाहता त्यांनी आणखी एक काम हाती घेतले होते. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी ग्राहक मार्गदर्शन संस्था उभी केली. त्यांत त्या होत्या. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे त्या सांगत, संस्थेच्या कीमत या नियतकालिकात लिहीत. पुढे १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. सायटोक्रोमवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईंना गृहिणींसाठी लिहिणे कमीपणाचे वाटले नाही.

१९९६ मध्ये अमेरिकेत शाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेतून एक अनपेक्षित बातमी आली. सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियात असते तोवर पेशीला ऊर्जा मिळवून देते. पण ते तिथून निसटून पेशीद्रवात उतरले तर प्राण्यांच्या पेशीला स्वतःचा शेवट करण्याचा आदेश मिळतो. कर्करोगात पेशी मरायला का नाकारतात, याच्या अभ्यासात हे प्रथिन तेव्हापासून मध्यभागी आहे. बटाट्यात जे शोधले त्याचा हा दुसरा चेहरा समोर आला तेव्हा कमलाबाई पंचाऐंशी वर्षांच्या होत्या.

दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. देशातल्या शास्त्रज्ञांना त्यांची उशिरा का होईना आठवण झाली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. १९३३ मध्ये ज्या संस्थेने त्यांना अटींवर आत घेतले, तिथे आज मुली कोणत्याही अटीविना पेशीवर संशोधन करतात.